सातवं घर

दर रविवारी सकाळी साडेसहाला मी थेरगावहून गाडी काढायचो आणि मोशीमार्गे कुरुळी फाट्यावर जायचो. तिथं प्रीतम उभा असायचा, पाठीला गिटारची काळी पिशवी. त्याला घेऊन परत थेरगावला यायचं, डांगे चौकाजवळ चष्म्याच्या दुकानावर वरदचा क्लास होता तिथं आठ ते नऊ गिटार शिकायची, आणि त्याला पुन्हा कुरुळीला सोडून यायचं. तासाभराच्या शिकवणीसाठी अडीच-तीन तासांची रपेट. माझी बायको अरुंधती एकदा म्हणाली, "श्रीपाद, चाकणला कुणी शिकवत नाही का रे?" शिकवत असेल. मी चौकशी केली नव्हती.

माझं वय सत्तेचाळीस. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथं मी क्वालिटीत आहे. काम मोजण्याचं. भोक किती मिलिमीटरचं, कड किती वाकली, दोन पृष्ठभाग एकमेकांना नक्की कुठं टेकतात. जे मोजता येत नाही त्याच्यावर मी सहसा मत देत नाही. हे सगळंही शक्यतो तसंच सांगतो.

प्रीतम आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, ऑपरेटर होता. एकतीस वर्षांचा, कुरुळीतल्या जुन्या घरातला. ऑक्टोबरात, दिवाळीआधीच्या ऑर्डरची घाई चालू असताना, चार नंबरच्या प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेली. मुळापासून. चौकशी झाली, अहवालात 'ऑपरेटरची घाई' असं आलं. जानेवारीत तो परत कामावर आला तेव्हा त्याला स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. तिथं तो कामगारांना हातमोजे वाटायचा.

मी त्या खिडकीवर गेलो होतो तेव्हा त्यानं सांगितलं, की हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणतात, उरलेली बोटं आखडायला लागलीत, त्यांना काहीतरी निराळं काम द्या. बायकोच्या माहेरी एक गिटार पडून आहे. रॉकचं वेड त्याला आधीपासूनच. कंपनीच्या बसमध्ये कानात वायरी घालून डोकं हलवत बसलेला मी त्याला कितीदा पाहिला होता.

"पण मला कोण शिकवणार, सायेब?" तो हसत म्हणाला. "दुकान अर्धं बंद हाय."

"मीही शिकतो," मी म्हणालो. "दोघं जाऊ."

मला त्याआधी गिटारची हौस कधीच नव्हती.

वरद अठ्ठावीस वर्षांचा. आठवडाभर माण गावातल्या आयटी कंपनीत नोकरी आणि रविवारी क्लास. त्यानं प्रीतमचा हात सरळ स्वतःच्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काही अडत नाही, दादा. एका बोटानं वाजणाऱ्या रिफ आहेत." रिफ म्हणजे रॉक गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, ज्याच्यावर सगळं गाणं उभं असतं. नवशिक्यांसाठी त्यानं स्वतःच एक बसवली होती. सगळ्यात जाड तार, तीन सूर. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला वरद घर म्हणायचा. आधी मोकळी तार, मग तर्जनी तिसऱ्या घरावर, तीच तर्जनी घसरवत पाचव्या घरावर, आणि परत मोकळी तार. बस.

ऐकायला सोपं. पहिले दोन रविवार आमच्या तारा नुसत्या फडफडल्या. बोटांच्या टोकांना चर पडले, चहाचा कप धरवेना. वरद म्हणाला, जळजळ झाली पाहिजे, मग घट्टे पडतात, मग दुखत नाही. तिसऱ्या रविवारी प्रीतमला रिफ सापडली. त्या ठोकळेबाज तीन सुरांवर त्याचा चेहरा असा खुलला की मी माझी गिटार थांबवून त्याच्याकडे बघत राहिलो. ऑक्टोबरनंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

परत जाताना गाडीत तो आपला पंजा उघडून बघत होता.

"चारी बोटं जळत्यात, सायेब."

"चारी?"

"नसल्याली दोन जास्त."

हे मला वाचून माहीत होतं. गेलेल्या अवयवात वेदना राहते, मेंदू जुना नकाशा सोडत नाही. मी त्याला तसं समजावलंही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते डॉक्टरबी बोलले. पण आधी नुसतं ठणकायचं. आता तारेचा चर लागतोय. घट्टा धरतोय तिथं."

पाचव्या रविवारी मी पहिल्यांदा तो सूर ऐकला.

प्रीतम रिफ वाजवत होता. मोकळी, तीन, पाच. आणि मग, मोकळ्या तारेवर परत येण्याआधी, वरचे दोन सूर. स्वच्छ, दाबून वाजवलेले. त्याची तर्जनी पाचव्या घरावर होती. मधलं बोट हवेत. बाकी जागा रिकामी.

वरदनं मान वर केली. "दादा, हे जास्तीचं काय घेताय?"

"मी कुठं घेतोय?"

"परत वाजवा."

परत तेच. वरदनं गिटारच्या टोकाला सूर दाखवणारा छोटा चिमटा लावला. त्याच्या पडद्यावर मोकळ्या तारेचं अक्षर आलं, तिसऱ्या घराचं आलं, पाचव्याचं आलं. मग सातव्याचं. मग आठव्याचं. वरद म्हणाला, मानेला बाक आला असेल, तार पुढच्या पट्टीला घासत असेल. त्यानं ती गिटार स्वतः वाजवून पाहिली. तीनच सूर आले. त्यानं चिमटा काढून खिशात टाकला आणि उरलेला वेळ मला दोन बोटांत बसणाऱ्या कॉर्ड शिकवल्या. प्रीतमकडे तो वळला नाही.

मी मनाशी हिशोब मांडला. तर्जनी पाचव्या घरावर असली की मधलं बोट सहाव्यावर येतं, अनामिका सातव्यावर, करंगळी आठव्यावर.

पुढच्या रविवारी मी कंपनीतून निळी शाई आणली. टूल रूममध्ये ही घट्ट शाई वापरतात. डायच्या, म्हणजे साच्याच्या, एका भागाला पातळ थर लावायचा, दोन भाग एकमेकांवर टेकवायचे, उचलून बघायचं. जिथं शाई पुसली गेली तिथं स्पर्श झाला. तिला चकवता येत नाही. क्लास संपल्यावर मी प्रीतमच्या घरी थांबलो. हायवेपासून आत, कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या चार एकरांच्या कडेला त्यांचं घर आहे. सकाळचे दहा वाजत आले होते. अंगणात लख्ख ऊन, पलीकडे कुठल्यातरी शेडमधून पत्रा कापल्याचा आवाज.

मी जाड तारेला वरून-खालून शाई लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखी.

"एकदाच वाजव," मी म्हणालो.

त्यानं वाजवलं. मोकळी, तीन, पाच, सात, आठ, मोकळी. मी त्याच्या हातून गिटार घेतली आणि उन्हात धरली. तिसऱ्या घरावर शाई पुसली होती. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत तर्जनी घसरली तो पट्टा होता. सहाव्या घरावर शाई जशीच्या तशी. सातव्या घरावर तार साफ होती, बोटाच्या पेराएवढी. आठव्यावरही, थोडी कमी रुंद.

तार पट्टीला घासली असती तर शाई खालून पुसली गेली असती. ही वरून पुसली होती.

मी प्रीतमचा पंजा पालथा केला. तर्जनीला निळं होतं. मधल्या बोटाला काही नव्हतं. तळव्याच्या कडेला, जिथं टाके पडले होते, तिथली कातडी कोरडी आणि गुलाबी. शाई कुठं गेली ते मला कळलं नाही.

"काय झालं, सायेब?"

"काही नाही. हात धू."

तो मोरीवर गेला. प्रीतमची बायको तेजस्विनी चहा घेऊन आली होती, ती दाराशीच थांबली. शिवणकाम करते, शांत बाई. चहा देऊन ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलं वाटतं."

"काय?"

"ह्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला, की मला पाच बोटं लागतात." तिनं मोरीकडे पाहिलं. "पहिल्यांदा लागली तेव्हा मी रडले. बरं वाटलं मला. म्हटलं, असू दे, आपल्या मनाचं असंल. पण आता हे हात सोडतात ना, साहेब, तरी ती दोघं सोडत नाहीत."

तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटावर दोन वळ होते, शेजारी शेजारी. एक थोडा बारीक.

ओट्यावर प्रीतमची आई शालनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"सायेब, एक विचारू का?"

"विचारा ना, मावशी."

"माझ्या ल्येकाची बोटं कुठं हायेत?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दवाखान्यात म्या इचारलं, ते म्हनले आमच्याकडं आलीच न्हाईत. कंपनीतनं एक जन आला व्हता, त्यालाबी इचारलं. तो म्हनला, आजी, आता काय करायचंय त्याचं. आवं, लहान पोराचा दात पडला तरी आपन जागा बघून टाकतो. दोन बोटं हायेत ती. मातीत तरी द्याया पायजेत का न्हाई?"

मला माहीत होतं. त्या दिवशी दुपारी अडीचला रुग्णवाहिका गेली. तीनला डाय पुसून घेतली. सव्वातीनला चार नंबरची प्रेस पुन्हा चालू झाली, कारण ट्रक उभा होता. प्रेसखालचा, पत्र्याचे कापलेले तुकडे पडतात तो डबा कुणी उपसून पाहिला नाही. संध्याकाळी तो भंगाराच्या गाडीत रिकामा झाला आणि गाडी भट्टीकडे गेली.

"मी बघतो, मावशी," मी म्हणालो.

"बघा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं.

त्या आठवड्यात मी प्रेस शॉपमधून जाताना थांबलो. चार नंबर चालू होती. धप्प, मग पत्रा सरकवायला लागतो तेवढा वेळ, मग धप्प. मी घड्याळ लावलं. मिनिटाला अठरा ठोके. घरी येऊन मी क्लासात मोबाइलवर घेतलेलं प्रीतमचं वादन लावलं आणि सातव्या घराचा सूर किती वेळा येतो ते मोजलं. मिनिटाला अठरा. वरद त्याला दर रविवारी म्हणायचा, थोडं जलद घ्या, दादा. त्याला जमायचं नाही.

आता जे मी लांबवत आलोय ते सांगतो.

प्रेसच्या तोंडाशी अदृश्य प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला, प्रकाश तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबते. चार नंबरचा पडदा सप्टेंबरपासून उगाचच तुटायचा, प्रेस थांबायची, माल कमी पडायचा. कुणीतरी वायर जोडून पडदा निकामी केला, म्हणजे प्रकाश तुटला तरी प्रेस थांबेना. दर सोमवारी नऊ प्रेसचे पडदे तपासून तक्त्यावर सही करणं माझ्याकडे होतं. मला ती वायर दिसली होती. मी चार आठवडे 'ठीक' लिहून सही केली. चौकशीआधी वायर निघाली होती आणि तक्ता बरोबर होता, त्यामुळे घाई ऑपरेटरची ठरली.

मार्चच्या पहिल्या रविवारी, क्लासहून परतताना, चिंबळी फाट्यापाशी कंटेनर अडकून रस्ता तुंबला होता. मी गाडी बंद केली आणि प्रीतमला हे सगळं सांगितलं. समोर बघत सांगितलं.

गिटार त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी होती.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्या दिवसापासनं. वायर मलाबी दिसत व्हती की. मला वाटलं, सायबांनी सही केलीया म्हंजे बघूनच केली असंल." त्यानं काच खाली केली. "पडदा आता चालू हाय का?"

मी आरशात मागची रांग पाहिली.

"सायेब?"

"चौकशीपुरता केला होता. महिन्याभरापासून परत बंद आहे."

"तिथं कोण हाय आता?"

"दत्तोबा."

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"तक्त्यावर?"

"ठीक लिहिलंय."

पुढचा कंटेनर हलला. मागून हॉर्न वाजायला लागले. प्रीतम म्हणाला, "मला सांगून काय उपेग? माझं झालंय. तिथं सांगा."

"उद्या सोमवार आहे. उद्या लिहितो," मी म्हणालो.

फाट्यावर उतरताना त्यानं हात पुढं केला. नेहमी तो उजवा करायचा. त्या दिवशी डावा केला. मीही डावा दिला. त्याचा हात सुटला, तो पिशवी सावरत रस्ता ओलांडून गेला, आणि मी तिथंच बसून राहिलो. माझा पंजा अजून कुणीतरी धरलेला होता.

सोमवारी मी लिहिलं नाही. प्लांटहेड बाहेरगावी होते. मंगळवारी ऑडिट होतं. त्यापुढच्या सोमवारी तक्ता पुन्हा समोर आला, मी नऊ ओळींत 'ठीक' भरलं आणि सही केली. कारणं खरी होती.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीचा फोन आला. आवाज हलका होता. "साहेब, ह्यांचा हात शांत झालाय. दुखत पण नाही. आता मला तीनच लागतात." रविवारी वरदनंही मला सांगितलं, की प्रीतमदादांचं ते जास्तीचं गेलं. प्रीतम तीन सूर वाजवत होता. मोकळी, तीन, पाच. थोडं जलदही.

घरी संध्याकाळी सराव करताना मी पहिलाच धडा परत घेत होतो. माझी मुलगी सई अभ्यासाला बसली होती. स्वयंपाकघरातून अरुंधती म्हणाली, "आज सुरेख जमतंय रे तुझं!"

मी फक्त मोकळी तार छेडली होती. डावा हात गुडघ्यावर होता.

मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी दाढी करताना हाताकडे लक्ष गेलं. डाव्या अनामिकेच्या आणि करंगळीच्या टोकाला घट्टे होते. जाड, पिवळट, महिन्यांच्या सरावाचे. मी ती दोन बोटं अजून एकदाही तारेवर ठेवली नव्हती. वरद त्यांचं काम पुढच्या महिन्यात शिकवणार होता.

ब्लेडनं एक घट्टा जरासा तासून पाहिला. आतून निळं निघालं.

त्या दिवशी कंपनीत हजेरीच्या यंत्रानं माझी हजेरी घेतली नाही. माझी डावी तर्जनी नोंदवलेली होती. तारेनं तिचं टोक घासून गेलं होतं, यंत्राला ठसा मिळेना. मी एचआरच्या सुखदाकडे गेलो.

"होतं असं, सर. प्रेस शॉपवाल्यांचं तर नेहमीच. त्यांच्या अंगठ्याचे ठसे राहतच नाहीत, म्हणून आम्ही त्यांची डावी अनामिका आणि करंगळी घेतो, कमी झिजतात ती." तिनं छोटं यंत्र माझ्यापुढं सरकवलं. "तुमची पण तीच घेऊ. ठेवा."

मी अनामिका काचेवर ठेवली. यंत्र वाजलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. "करंगळी ठेवा बरं."

मी करंगळी ठेवली. यंत्र पुन्हा वाजलं.

"सर, ही बोटं आधीच नोंदलेली आहेत म्हणतंय."

"कुणाच्या नावावर?"

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. प्रीतमचा जुना फोटो होता, कानात वायरी असलेला. खाली विभाग: प्रेस शॉप. यंत्र क्रमांक चार.

"सिस्टिमचा काहीतरी घोळ असेल," सुखदा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "परत घेऊ. अनामिका ठेवा. आणि सर, बोट हलवू नका."

भिंतीपलीकडे प्रेस शॉपमध्ये पहिली शिफ्ट सुरू झाली होती. धप्प. मग पत्रा सरकवायला लागतो तेवढा वेळ. मग धप्प.

काचेवर माझं बोट त्या ठोक्याला दाबलं जात होतं आणि सुटत होतं.

"सर, प्लीज. हलवू नका ना."

मी हलवत नव्हतो.